बियरला वास येतोय? आधी विचारा, केव्हापासून

घरी केलेली माझी पहिली लॅगर (थंडीत सावकाश आंबवायची बियर) मी पाचव्या दिवशी मोरीत ओतली. फर्मेंटरचं, म्हणजे आंबवायच्या भांड्याचं, झाकण किलकिलं केलं आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की दोन पावलं मागे सरलो. वाटलं, काहीतरी कुजलं. हात नीट धुतले नसतील, भांडं स्वच्छ नसेल. वीस लिटर बियर आणि अख्ख्या रविवारची मेहनत दहा मिनिटांत वाहून गेली. त्या बियरला काहीही झालेलं नव्हतं, हे कळायला मला दुसरी लॅगर करावी लागली. तिलाही पाचव्या दिवशी तोच वास आला. या खेपेला निव्वळ आळसापायी ओतायची राहून गेली, आणि तीन आठवड्यांनी त्या वासाचा मागमूसही उरला नव्हता.

तेव्हापासून कुणी ‘बियरला घाण वास येतोय’ म्हणालं, की वास कसला हे विचारायच्या आधी मी तो केव्हा आला ते विचारतो. कारण एकाच वासाचे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे अर्थ निघतात. आठव्या दिवशी लोण्याचा वास आला तर यीस्टचं काम अजून चालू आहे, एवढंच. तोच वास बाटलीत भरल्यावर दोन महिन्यांनी उगवला तर बहुधा जंतू शिरलेत. पहिल्याला थांबणं हा इलाज आहे. दुसऱ्याला इलाज नाही.

नुसतं वासाचं नाव शोधायचं तर त्याची यादी प्रचंड आहे. मॉर्टेन मीलगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बियरच्या वासांचं आणि चवींचं एक चक्र तयार केलं. ते आजही वापरतात, पण नवख्याने त्यावर बोट ठेवायला गेलं की प्रत्येक वास सापडल्यासारखा वाटतो. रोगांची लक्षणं वाचताना सगळेच रोग आपल्याला झालेत असं वाटतं, तसंच. म्हणून आपण बियर ज्या क्रमाने बनते त्याच क्रमाने जाऊ: पातेलं, फर्मेंटर, बाटली, ग्लास.

पण त्याआधी हुंगायचं कसं, ते. चालू फर्मेंटरच्या तोंडाशी नाक नेऊ नका. तिथे कार्बन डायऑक्साइड दाटलेला असतो. तो नाकातल्या ओलाव्यात विरघळून आम्ल होतो आणि नाक असं झोंबतं की पुढचा अर्धा तास काही कळत नाही. पळीभर नमुना ग्लासात काढा, ग्लास तळहाताने झाका, गोल फिरवा, हात काढून दोन-तीन छोटे श्वास घ्या. मोठा श्वास एकच घ्यायचा मोह होतो, तो टाळा. नाक फार लवकर सवयीचं होतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी वास ‘कमी झाला’ असं वाटलं तर बियर सुधारलेली नसते, नाक थकलेलं असतं. आपल्याच मनगटाचा वास घेऊन मिनिटभर थांबलं की ते पुन्हा ताळ्यावर येतं. आणि फ्रिजमधून काढलेला थंडगार नमुना हुंगू नका. १२–१५ अंश सेल्सिअसला बियर सगळं बोलते.

पातेल्यात रुजलेले वास

उकडलेला मका, कोबी शिजत असलेलं पातेलं, कधी डब्यातल्या टोमॅटोचा रस. हा डायमिथाइल सल्फाइडचा वास, बियर करणारे त्याला डीएमएस म्हणतात. धान्याला मोड येताना त्यात एस-मिथाइलमेथिओनिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते तापलं की फुटतं आणि डीएमएस बाहेर पडतो. गडद माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भाजतानाच त्यातलं बरंचसं उडून जातं. पण पिल्सनर माल्ट फिकट राहावं म्हणून हलक्या आचेवर वाळवतात, त्यामुळे त्यात हे द्रव्य शिल्लक राहतं. म्हणून हा वास बहुधा फिकट बियरमध्येच भेटतो.

डीएमएस ३७ अंशांनाच उकळतो, म्हणजे उकळत्या वॉर्टमधून (वॉर्ट म्हणजे माल्टचं गोड पाणी) तो सहज उडून जायला हवा. जातोही, फक्त वाट मोकळी हवी. गॅस वाचवायला पातेल्यावर झाकण ठेवलं की वाफ झाकणाला लागून थेंब होते आणि डीएमएस घेऊन परत आत पडते. उकळत्या वॉर्टमध्ये मूळ द्रव्य साधारण ४० मिनिटांत निम्मं होतं. म्हणून पिल्सनर माल्ट असेल तर ९० मिनिटं, झाकण काढून, खळखळून उकळतात. आणखी एक गोम आहे. गॅस बंद केल्यावरही वॉर्ट गरम आहे तोवर डीएमएस तयार होत राहतो, पण उकळी नसल्यामुळे उडत नाही. रात्रभर पातेलं तसंच निवत ठेवलं तर सकाळी मक्याचा वास ठरलेला. गार करायचं ते झटपट.

आता तो बियरमध्ये आलाच असेल तर? जोरदार आंबण्यात थोडा निघून जातो. उरलेला राहतो. थोडासा असेल तर पिऊन टाका. काही फिकट लॅगरमध्ये तो हलकासा अपेक्षितच असतो. मात्र उकळणं नीट झालं, गारही पटकन केलं आणि तरी कोबीचा उग्र दर्प येतोय, तर यीस्ट कामाला लागण्याआधीच जीवाणूंनी वॉर्टवर डल्ला मारला असण्याची शक्यता जास्त.

पातेल्यातला दुसरा वास मात्र माफ करत नाही. जखमेवरच्या चिकटपट्टीचा, दवाखान्याच्या फरशीचा, जंतुनाशकाचा. पाण्यातला क्लोरीन आणि माल्ट-हॉप्समधले (हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) फिनॉल एकत्र येऊन क्लोरोफिनॉल बनतात आणि ते अब्जात काही भाग इतके जरी असले तरी नाकाला कळतात. मी स्वतः एक अख्खी बॅच अशी घालवली आहे, तीही स्वच्छतेच्या अतिरेकात: फर्मेंटर ब्लीचने धुतला आणि विसळताना घाई केली. बियर दिसायला इतकी सुरेख झाली होती की तीन महिने ती ठेवून दिली, वास जाईल म्हणून. क्लोरोफिनॉल जात नाही. तीन महिन्यांनीही नाही, वर्षानेही नाही.

नळाचं पाणी वापरत असाल तर त्यात क्लोरीन आहे की क्लोरामाइन, हे आधी जाणून घ्या. साधा क्लोरीन पाणी उकळल्यावर किंवा रात्रभर उघडं ठेवल्यावर निघून जातो. क्लोरामाइन मुद्दाम टिकाऊ म्हणूनच वापरतात, तो असा हटत नाही. त्याला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट लागतं. कॅम्पडेन नावाने त्याच्या गोळ्या मिळतात. एक गोळी कुस्करून टाकली तर साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते आणि काम काही मिनिटांत होतं. सगळ्या बियरच्या दोषांत इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय दुसऱ्या कशालाही नाही, म्हणून मी ती गोळी गरज असो-नसो टाकतोच.

जुन्या हॉप्सचाही एक वास असतो: मुरलेलं चीज, घामेजलेले मोजे. हॉप्समधली आम्लं हवेने आणि उष्णतेने खराब होऊन त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल बनतं. पुडी उघडल्या उघडल्या हुंगली तर हा दोष पातेल्यापर्यंत पोचतच नाही. हॉप्स हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवायचे.

पहिला आठवडा: अंडी आणि काडीपेटी

आता माझ्या त्या मोरीतल्या लॅगरकडे येऊ. यीस्टला वाढायला गंधक असलेली दोन अमिनो आम्लं लागतात, सिस्टीन आणि मेथिओनिन. वॉर्टमध्ये ती पुरेशी नसतील तर यीस्ट ती स्वतः बनवतं: पाण्यातलं सल्फेट उचलतं, त्याचं सल्फाइट करतं, मग सल्फाइड करतं आणि ते अमिनो आम्लात बसवतं. या साखळीतली शेवटची पायरी रेंगाळली की सल्फाइड साचतं आणि हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. सडकी अंडी. सल्फाइटच्या पायरीवर गळती झाली तर सल्फर डायऑक्साइड सुटतो, त्याचा वास नुकत्याच पेटवलेल्या काडीसारखा. लॅगरचं यीस्ट हे दोन्ही जास्त सोडतं. थंडीत आंबणं सावकाश चालतं आणि वायूही सावकाश बाहेर पडतो, म्हणून वास रेंगाळतो.

पण तो रेंगाळतो, मुक्काम करत नाही. हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतो, म्हणजे बियरमध्ये राहायची त्याला मुळीच हौस नसते. शिवाय पाच टक्के अल्कोहोलची २० लिटर बियर आंबताना साधारण ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. एवढा वायू बुडबुडत वर जाताना गंधक सोबत ओढून नेतो. खोलीभर अंड्यांचा वास दरवळतोय याचा अर्थ तो बियरमधून बाहेर पडतोय.

तेव्हा पहिल्या आठवड्यातल्या अंड्यांच्या वासावर करायचं काय? काही नाही. एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडणारी, झाकणावरची पाण्याची नळी) बुडबुडे थांबत आले आणि वास तसाच असेल, तर तापमान दोन-तीन अंश वाढवा आणि आठवडाभर द्या. दर वेळी, प्रत्येक बॅचला, वास जोरात येत असेल तर यीस्ट उपाशी आहे: कमी टाकलंय, जुनं आहे, किंवा वॉर्टमध्ये साखरच जास्त आणि माल्ट कमी असल्यामुळे नायट्रोजन अपुरा पडतोय. पुढच्या वेळी ताजं आणि जास्त यीस्ट, आणि यीस्टचं खाद्य म्हणून मिळणारी पूड चिमूटभर. तांब्याचा तुकडा बियरमध्ये बुडवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तांबं गंधक पकडतं हे खरं, पण आंबट द्रवात ते विरघळतंही, आणि जो वास आपोआप जाणार आहे त्यासाठी बियरमध्ये तांबं घोळवणं मला पटत नाही.

याच सुमाराला येणारा दुसरा वास म्हणजे हिरव्या सफरचंदाचा. कुणाला तो भोपळा कापल्यावरच्या गाभ्यासारखा वाटतो, कुणाला ओल्या रंगासारखा. हा असिटाल्डिहाइड. यीस्ट साखरेपासून थेट अल्कोहोल करत नाही. आधी असिटाल्डिहाइड करतं आणि त्याचं अल्कोहोल. म्हणजे हा वास अर्धवट राहिलेल्या कामाचा. बियर कच्ची आहे, तिला यीस्टवर आणखी राहू द्या. लोक इथे उलटं करतात. बुडबुडे थांबले की झालं असं समजून बियर दुसऱ्या भांड्यात ओढतात, आणि ज्याने ते काम संपवलं असतं तो यीस्टचा थर मागे टाकतात. जास्त दिवस यीस्टवर राहिली तर बियर बिघडते ही भीती मोठ्या कारखान्यांतल्या उंच टाक्यांवरून आलेली आहे, तिथे तळाच्या यीस्टवर सगळ्या बियरचा दाब असतो. घरच्या २० लिटरच्या भांड्यात तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. मेलेलं यीस्ट फुटल्याचा वास मांसाच्या रश्शासारखा, सोया सॉससारखा येतो, आणि त्याला निष्काळजीपणाचे कित्येक आठवडे, बहुधा महिने लागतात.

लोणी

या एका वासावर थोडं थांबायला हवं, कारण तो लपून बसतो.

डायअसिटिलचा वास लोण्याचा, टॉफीचा, सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा. काही बियरमध्ये तो किंचित असला तर बरा लागतो. बहुतेकांत तो ओशट, चिकट वाटतो, आणि तोंडातही बियर तेलकट लागते. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाएवढा असला तरी पुष्कळांना कळतो. काहींना तो कितीही असला तरी कळत नाही. तुम्ही दुसऱ्या प्रकारातले असाल तर घरात पहिल्या प्रकारातलं एखादं माणूस हाताशी ठेवा.

यीस्ट डायअसिटिल बनवत नाही. ते व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल बनवत असताना मधल्या टप्प्यावरचं अल्फा-असिटोलॅक्टेट थोडं बाहेर गळतं. याला वास नाही. बियरमध्ये ते आपोआप, हळूहळू, डायअसिटिलमध्ये बदलतं, आणि गारठ्यात हा बदल फारच हळू होतो. तयार झालेलं डायअसिटिल यीस्ट परत आत घेतं आणि बिनवासाच्या द्रव्यात बदलून टाकतं. म्हणजे घाण करणारा आणि झाडू मारणारा एकच. अडचण वेळापत्रकाची आहे: कचरा उशिरा पडतो आणि तोवर झाडूवाल्याला आपण थंडीत झोपवलेलं असतं.

म्हणून असं होतं की बाटलीत भरताना बियर अगदी स्वच्छ लागते आणि दोन आठवड्यांनी लोण्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं. तुम्ही भरलीत तेव्हा लोणी नव्हतं, लोण्याचं विरजण होतं.

ते आहे की नाही, हे आधी कळू शकतं, आणि त्याला कसलंही यंत्र लागत नाही. झाकणाच्या दोन छोट्या बरण्यांत थोडी थोडी बियर घ्या. एक बाजूला ठेवा. दुसरी, झाकण सैलसर लावून, ६० ते ७० अंश गरम पाण्यात २० ते ३० मिनिटं ठेवा. उष्णतेने अल्फा-असिटोलॅक्टेटचं भराभर डायअसिटिल होतं. जे आठवड्यांत झालं असतं ते अर्ध्या तासात. मग दोन्ही बरण्या सारख्या गार करा आणि एकामागून एक हुंगा. दोन्हींत लोणी नसेल तर बियर तयार आहे. फक्त गरम केलेलीत असेल तर विरजण शिल्लक आहे, थांबा. दोन्हींत असेल तर यीस्ट सुस्तावलंय, त्याला ऊब द्या. माझ्या मते घरी बियर करणाऱ्याने करायची ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे, आणि सगळ्यात कमी लोक ती करतात.

ऊब द्यायची म्हणजे काय, तर लॅगर १० अंशांना आंबत असेल तर शेवटची थोडी साखर उरलेली असताना ती १६–१८ अंशांवर आणायची आणि दोन-तीन दिवस तिथेच ठेवायची. एल, म्हणजे बियरचा दुसरा मोठा प्रकार, मुळात उबेत आंबते, तिला फक्त दोन-तीन दिवस जास्त द्यायचे. आणि चाचणी नापास झालेली बियर गार करायला घ्यायची नाही, कितीही पाहुणे येणार असले तरी.

एक अपवाद चकवतो. तुम्ही सगळं नीट केलंत, चाचणीही पास झाली, मग सुगंधासाठी कोरडे हॉप्स टाकलेत आणि चार दिवसांनी लोणी. हॉप्समध्ये थोडी विकरं (एन्झाइम) असतात, ती यीस्टला न पचलेल्या लांब साखळ्यांचे तुकडे करतात. यीस्टला नवं खाणं मिळतं, आंबणं पुन्हा सुरू होतं आणि सोबत पुन्हा अल्फा-असिटोलॅक्टेट गळतं. हॉप्सचा हा गुण ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ मध्येच नोंदवला होता. हॉप्सचा भरघोस वापर पुन्हा सुरू झाल्यावर तो सगळ्यांना नव्याने भेटला. तेव्हा चाचणी हॉप्स टाकल्यानंतर करा. नाहीतर लोण्याबरोबर बाटल्याही फुटतील.

केळं आणि लवंग: दोष की देणगी

आयसोअमाइल असिटेटचा वास पिकल्या केळ्याचा. (मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना बोलवायला जो गंध सोडते त्यातही हाच रेणू मुख्य. पोळ्यांजवळ केळं खाऊ नये म्हणतात ते उगाच नाही.) 4-व्हिनाइलग्वायकॉल या फिनॉलचा वास लवंगेचा. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बियरमध्ये हे दोन्ही हवेतच, नसले तर ग्राहक तक्रार करतो. फिकट, साध्या एलमध्ये हेच आले तर तो दोष.

केळ्याचं कारण बहुतेक वेळा तापमान, आणि तेही पहिल्या दोन-तीन दिवसांतलं. खोली २२ अंश आहे म्हणून बियरही २२ अंशांना आंबतेय असं समजू नका. आंबताना उष्णता सुटते, आणि फर्मेंटरच्या पोटात खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज जास्त असतात. यीस्ट कमी टाकलं तरी केळं वाढतं. याच वाटेने पुढे गेलं की नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो, तो इथाइल असिटेट. त्याच्यासोबत घशाला चटका देणारी जड अल्कोहोलंही असतात. दोन्ही मुरवल्याने थोडी बोथट होतात, जात नाहीत.

लवंगेचं गणित तापमानापेक्षा यीस्टच्या जातीचं. काही जाती धान्यातलं फेरुलिक आम्ल लवंगेच्या वासात बदलू शकतात, काही मुळीच नाहीत. तुम्ही वापरलेली जात न बदलणाऱ्यांतली असेल आणि तरी लवंग आली, तर तुमच्या फर्मेंटरमध्ये तुम्ही न बोलावलेलं यीस्ट आहे. अशा बाटल्यांवर लक्ष ठेवा. काही रानटी जाती बियरमधली उरलीसुरली साखरही खातात आणि दाब वाढत जातो.

जे वास वाढतच जातात

इथपर्यंतचे बरेच वास वेळेबरोबर उतरतात. जंतूंचे चढतात. शंका असेल तर आज नमुना काढा, वहीत लिहा, आठवड्याने परत काढा. उतरत असेल तर थांबा. चढत असेल तर पुढचं वाचा.

व्हिनेगरचा वास म्हणजे असिटोबॅक्टर. या जीवाणूला ऑक्सिजन लागतो, म्हणून सुकलेला एअरलॉक, सैल झाकण, अर्धा रिकामा फर्मेंटर आणि ग्लासाभोवती घोंघावणाऱ्या चिलटांपैकी एखादं आत पडणं, ही त्याची नेहमीची दारं. नुसता आंबटपणा आणि वास फारसा नाही, तर लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू. त्यांपैकी पेडिओकोकस लोण्याचा वासही सोडतो, आणि बाटलीत उशिरा आलेल्या लोण्याचा हाच मुख्य संशयित. घोड्याचा तबेला, ओलं चामडं, असा वास आला तर ब्रेटानोमायसीस हे रानटी यीस्ट. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत क्लॉसेन यांनी ते इंग्लिश बियरमधून वेगळं केलं आणि ‘ब्रिटिश बुरशी’ अशा अर्थाचं नाव दिलं. बेल्जियमच्या काही बियर त्याच्याशिवाय होतच नाहीत. तुमची त्यांपैकी नसेल तर ते तुमच्या नळ्यांत घर करून बसलंय. ओकारीसारखा वास ब्युटिरिक आम्लाचा. वॉर्ट मुद्दाम आंबट करताना ते कोमट, उघडं राहिलं की हमखास.

अशा बियरने माणूस आजारी पडतो का? पूर्ण आंबलेल्या बियरमध्ये अल्कोहोल असतं, हॉप्स असतात, ऑक्सिजन नसतो आणि आम्लता ४ ते ४.५ पीएचच्या आसपास असते. माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जीवाणू तिथे तग धरत नाहीत. म्हणून घाण वास म्हणजे विष नव्हे. दोन गोष्टी मात्र न चाखता फेकायच्या. एक, जिच्यावर केसाळ, रंगीत बुरशी आली आहे ती. दुसरी, यीस्ट टाकूनही तीन-चार दिवसांत आंबायला लागलेलंच नाही ते वॉर्ट. त्याला वरचं कुठलंच संरक्षण नसतं. आणि जंतू लागलेल्या भरलेल्या बाटल्या फुटू शकतात. त्या थंड करा, टॉवेलात गुंडाळून, चेहऱ्यापासून लांब धरून उघडा.

नंतर झडती घ्यायची ती तोट्या, रबरी कडा, नळ्या आणि प्लास्टिकवरचे ओरखडे यांची. जंतुनाशक फक्त स्वच्छ पृष्ठभागावर काम करतं. तोटीच्या आत सुकलेल्या बियरचा थर असेल तर जंतू त्याच्याखाली निवांत असतात. तोटी खोलून पाहणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. नळ्या मी धुण्याच्या भानगडीत न पडता बदलतो.

बाटलीत: हवा आणि ऊन

ओल्या पुठ्ठ्याचा वास ही ऑक्सिजनची प्रसिद्ध खूण. ट्रान्स-2-नॉनेनल हा रेणू त्यामागे आहे. पण पुठ्ठ्याची वाट पाहत बसलात तर उशीर होतो. आधी हॉप्सचा ताजेपणा बसतो, मग मधासारखा, काकवीसारखा गोडसर वास येतो, हॉप्स जास्त असलेल्या फिकट बियरचा रंग मळकट तपकिरी होतो. बियर ओतताना खळखळाट झाला, नळीत हवेचे बुडबुडे राहिले, बाटलीत वर जागा जास्त सुटली, ही कारणं. आणि उष्णता. हवा आत गेलेली असली तरी थंड जागेत ठेवलेल्या बाटल्या कितीतरी जास्त टिकतात.

उन्हाचा दोष मला सगळ्यात आवडतो, कारण तो डोळ्यांसमोर घडवून दाखवता येतो. हॉप्सचा कडवटपणा ज्या आयसो-अल्फा आम्लांमुळे येतो, ती प्रकाशाने तुटतात. बियरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, प्रकाश शोषून ती मोडायला मदत करतं. तुटलेला तुकडा गंधकाशी जोडला जाऊन एक थायोल बनतो, आणि त्याचा वास स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा. तो प्राणी हुंगलेला नसेल तर जळकं रबर आठवा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. लिंटनर यांनी ऊन लागलेल्या बियरचा हा वास १८७५ मध्ये नोंदवला होता. नेमकं काय कसं तुटतं, ते २००१ मध्ये फोर्ब्स, डी केउकेलेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. तपकिरी काच घातक प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडासाच, पारदर्शक जवळजवळ नाही.

हॉप्सची कडवट फिकट बियर दोन ग्लासांत ओता. एक उन्हात ठेवा, दुसरा कपाटात. पंधरा मिनिटांनी दोन्ही हुंगा. एकदा हे केलं की तो वास पुन्हा ओळखायला कुठलंही चक्र लागत नाही. इतर दोषही असेच मुद्दाम करून शिकता येतात: अर्धी भरलेली बाटली बूच लावून आठवडाभर उबेत ठेवली की हवेने बिघडलेली बियर तयार.

आणि ग्लासात

एवढं सगळं तपासून काही सापडलं नाही, वास फक्त एखाद्याच ग्लासाला येतोय, तर बियर बाजूला ठेवा. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास आतली कुबट हवा धरून ठेवतात. भांडी पुसायच्या फडक्याचा उबट वास काचेला लागतो. साबणाचा अंश राहिला तर फेस लगेच बसतो आणि वासात अत्तरासारखं काहीतरी येतं. बियरच्या वासाबद्दल मदत मागायला आलेल्या लोकांना मी आताशा पहिल्यांदा रिकामा ग्लास हुंगायला सांगतो. दहातल्या दोघांची बियर तिथेच बरी होते.